साखर तीच, दुखणं वेगळं

जानेवारी 1936 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात चार पानांचा एक लेख छापून आला. लेखक हॅरल्ड हिम्सवर्थ, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधला तिशीचा डॉक्टर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याला आपण मधुमेह म्हणतो ते एक दुखणं नाही, दोन आहेत. इन्शुलिन हाती येऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि वैद्यकाच्या दृष्टीने मधुमेहाचा हिशेब मिटला होता. स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी येतं म्हणून रक्तातली साखर वाढते, बाहेरून इन्शुलिन दिलं की ती उतरते. यापलीकडे विचारायचं काय उरलं? हिम्सवर्थने मिटलेली वही पुन्हा उघडली.

त्याचा प्रयोग साधा होता. रोग्याला ग्लुकोजचं पाणी प्यायला द्यायचं आणि त्याच वेळी शिरेतून इन्शुलिन टोचायचं. मग थोड्या थोड्या वेळाने रक्त घेऊन साखर मोजत राहायचं. ग्लुकोज साखर चढवणार, इन्शुलिन ती उतरवणार. या ओढाताणीत कोणाची सरशी होते, एवढंच पाहायचं. आलेखावर दोन तऱ्हेच्या रेषा उमटल्या. काही रोग्यांमध्ये इन्शुलिनने साखरेला डोकं वर काढू दिलं नाही. काहींमध्ये मात्र इन्शुलिन टोचलं काय नि न टोचलं काय, साखर चढतच गेली. पहिल्यांना त्याने इन्शुलिनला दाद देणारे म्हटलं, दुसऱ्यांना दाद न देणारे. पहिल्या गटात बहुतेक तरुण, हडकुळे, एकाएकी आजारी पडलेले लोक होते. दुसऱ्यात वयस्क, अंगाने भरलेले, रक्तदाब वाढलेले आणि रक्तवाहिन्या कडक झालेले.

दुकानाचा गल्ला दोन कारणांनी रिकामा राहतो. एक तर दुकानात माल नसतो, किंवा माल भरपूर असून त्याला उठाव नसतो. गल्ल्याकडे नुसतं पाहून यातलं कुठलं कारण खरं ते कळत नाही. लघवीतली साखर पाहून मधुमेह ठरवणाऱ्या वैद्यकाची अनेक शतकं हीच गत होती. आज टाइप वन आणि टाइप टू ही नावं गल्लीतल्या लॅबच्या रिपोर्टावरही दिसतात. पण नावं आणि त्यांमागची कारणं एकत्र यायला फार काळ लागला. मधल्या प्रत्येक टप्प्यावर रोगी कसा दिसतो यावरून नावं ठेवली गेली आणि कारण कळलं की ती मोडली.

डोळ्यांना दिसलेला फरक

दोन तऱ्हेचे रोगी असतात हे जाणत्या वैद्यांना फार आधीपासून दिसत होतं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन वर्ग सांगितले आहेत : सहज, म्हणजे जन्मासोबत आई-बापांच्या बीजातून आलेला, आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे खाण्यापिण्याच्या बेतालपणातून ओढवलेला. सहज प्रमेहाचा रोगी कृश आणि रुक्ष, कमी खाणारा, सारखा तहानलेला, एका जागी न टिकणारा. दुसरा स्थूल, खादाड, तुकतुकीत, अंथरुणावर आणि आसनावर पडून राहण्याची आवड असलेला. उपचारही त्याला शोभेसे. निर्धन रोग्याने जोडे-छत्री न घेता, भिक्षेवर राहून शंभर योजनं चालत जावं किंवा विहीर खणावी, असं संहिता सांगते. कृश रोग्याची ताकद मात्र जपायची.

या वर्णनावर आजचे टाइप वन आणि टाइप टू चिकटवण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण तो आवरलेला बरा. प्रमेह हे लघवीच्या वीस विकारांचं एकत्र नाव आहे आणि मधुमेह हा त्यातला एक. शिवाय यातली एक वाटणी पुढे नेमकी उलटी ठरली. आई-बापांकडून येण्याचा जोर हडकुळ्या तरुणांच्या मधुमेहात जास्त नसतो, पोक्त वयातल्या मधुमेहात असतो. ते कसं कळलं, ते पुढे येईलच.

युरोपात 1776 साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने एका रोग्याची लघवी मंद आचेवर आटवली. तळाशी पांढरट ढेप उरली. तिला वास साखरेचा आणि चवही साखरेची. लघवी गोड असते हे लंडनच्या टॉमस विलिसने शंभर वर्षं आधी नोंदवलं होतं. डॉब्सनने तो गोडवा साखरेचाच असल्याचं दाखवलं आणि त्याच रोग्याच्या रक्तातला पातळ भागही गोड लागतो हेही लिहिलं. म्हणजे दोष मूत्रपिंडाचा नाही, साखर आधी रक्तातच साठते. त्याच लेखात एक निरीक्षण सहज येऊन गेलं आहे : हे दुखणं काहींना पाच आठवड्यांच्या आत संपवतं, तर काहींच्या मागे ते वर्षानुवर्षं रेंगाळतं. आजार एकच असेल तर एवढी तफावत का, हा प्रश्न तिथे हळूच डोकं वर काढतो आणि विरून जातो.

पुढचं दृश्य पॅरिसमधलं. 1870-71 मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा दिला आणि शहरात अन्नाचा दुष्काळ पडला. अपोलिनेर बुशार्दा या डॉक्टरच्या लक्षात आलं, की उपासमारीत त्याच्या काही मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. त्यातून त्याने कमी खा, अंग मोडून काम करा, असा पथ्याचा आग्रह धरला. त्याच शहरात काही वर्षांनी एत्येन लांसेरो याने शवविच्छेदनांच्या आधारे मधुमेहाची सरळ विभागणी केली : कृश मधुमेह आणि स्थूल मधुमेह. कृश रोग्यांच्या मृत्यूनंतर स्वादुपिंड नासलेलं आढळतं, स्थूल रोग्यांचं तसं आढळत नाही, हा त्याचा आधार. अंगयष्टीमागे अवयवाचं कारण शोधण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता. तो पुढे गेला असता तर पन्नास वर्षं वाचली असती. पण मध्ये एक कुत्रा आला.

स्वादुपिंड आणि इन्शुलिन

1889 मध्ये स्ट्रासबुर्गला ओस्कार मिंकोव्स्की आणि योसेफ फोन मेरिंग यांच्यात चरबीच्या पचनावरून वाद झाला. स्वादुपिंड काढलं तर प्राणी चरबी पचवू शकतो का, हे पाहायला मिंकोव्स्कीने एका कुत्र्याचं स्वादुपिंड पूर्ण काढलं. कुत्रा जगला. पण शहाणं, शिकवलेलं ते जनावर प्रयोगशाळेच्या फरशीवर पुन्हा पुन्हा लघवी करू लागलं. मिंकोव्स्कीने ती लघवी तपासली. त्यात साखर होती आणि तीही भरपूर. चरबीचा वाद बाजूला राहिला. स्वादुपिंड काढलं की मधुमेह होतो, हे सिद्ध झालं.

त्या अवयवात विखुरलेली पेशींची छोटी बेटं 1869 सालीच पॉल लांगरहान्स या बर्लिनच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवली होती. त्यांचं काम काय ते त्याला ठाऊक नव्हतं. 1901 मध्ये बाल्टिमोरच्या युजीन ओपी याने मधुमेहाने मेलेल्या रोग्यांत हीच बेटं बिघडलेली दाखवली. आता सगळ्या वाटा त्या बेटांकडे जाऊ लागल्या.

इन्शुलिन येण्याआधीची काही वर्षं या कथेतली सर्वांत क्रूर म्हणावी लागतील. न्यूयॉर्कचा फ्रेडरिक ॲलन रोग्यांना जवळपास उपाशी ठेवून जगवत असे. वयस्क, स्थूल रोगी या पथ्यावर सुधारत. मुलं मात्र हाडांचे सापळे होऊन काही महिने जास्त जगत, एवढंच. एकाच उपचाराचे असे दोन टोकांचे परिणाम दिसत असतानाही त्याचा अर्थ ‘रोगाची तीव्रता कमी-जास्त’ असाच लावला गेला.

मग टोरंटो. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जेम्स कॉलिप आणि त्यांचा प्रमुख जॉन मॅक्लाउड यांची गोष्ट सर्वपरिचित आहे. 11 जानेवारी 1922 ला चौदा वर्षांच्या लिओनार्ड टॉम्प्सनला गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. अर्क अशुद्ध होता, फायदा जेमतेम झाला आणि टोचल्या जागी गळू झालं. कॉलिपने अर्क शुद्ध केला, 23 जानेवारीला पुन्हा सुई दिली आणि या खेपेला साखर उतरली. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. मरणाच्या दारातली मुलं उठून चालू लागली तेव्हा ‘मधुमेहाचे प्रकार किती’ हा प्रश्न कोणाला सुचणार? औषध एक मिळालं, म्हणून रोगही एकच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. इन्शुलिनने असंख्य जीव वाचवले आणि लांसेरोचा प्रश्न मात्र गाडून टाकला.

तो उकरून काढण्याचं श्रेय हिम्सवर्थचं. दुसऱ्या गटाचं कारण सांगताना तो चुकला. शरीराला इन्शुलिनची दाद द्यायला लावणारा एखादा अज्ञात घटक या रोग्यांत कमी पडत असावा, असा त्याचा तर्क होता आणि तसा घटक काही सापडला नाही. पण दोष इन्शुलिनच्या पुरवठ्यात नसून त्याच्या परिणामात असू शकतो, ही कल्पना त्याने मांडली आणि ती टिकली. आज ज्याला इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात, त्याचं मूळ त्या चार पानांत आहे.

रक्तातलं इन्शुलिन मोजायचं कसं?

हिम्सवर्थची अडचण उघड होती. रोग्याच्या रक्तात त्याचं स्वतःचं इन्शुलिन किती आहे हे मोजण्याचा मार्गच नव्हता. रक्तातलं त्याचं प्रमाण इतकं सूक्ष्म, की तेव्हाच्या रसायनशास्त्राच्या चिमटीत ते येत नव्हतं. म्हणून त्याच्या लेखावर फारसं काही हललं नाही.

1951 साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये जोसेफ बॉर्नस्टीन आणि रॉबिन लॉरेन्स यांनी एक खटाटोपी मार्ग काढला. त्यांनी पियूषिका आणि अधिवृक्क ग्रंथी काढलेले, वर रसायन देऊन मधुमेही केलेले उंदीर वापरले. असा उंदीर इन्शुलिनच्या कणालाही दाद देतो. रोग्याच्या रक्तद्रवाची सुई त्या उंदराला द्यायची आणि त्याची साखर किती उतरते ते पाहायचं. तरुण, कृश रोग्यांच्या रक्तद्रवाने उंदरावर काहीच परिणाम झाला नाही. पोक्त रोग्यांच्या रक्तद्रवाने साखर उतरली. एका गटात इन्शुलिन नाही, दुसऱ्यात आहे. हिम्सवर्थला पंधरा वर्षांनी पुरावा मिळाला.

लॉरेन्स या कामात नुसता डॉक्टर म्हणून नव्हता. त्याला स्वतःला तरुणपणी मधुमेह झाला होता. घरच्यांवर भार नको म्हणून तो मरायला इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला होता. 1923 मध्ये इन्शुलिन आल्याची बातमी लंडनहून कळली, तसा तो परतला आणि पुढे पंचेचाळीस वर्षं जगला. आपण कोणत्या गटातले, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. उंदरांच्या त्या प्रयोगाच्याच वर्षी, 1951 मध्ये, जॉन लिस्टर आणि सहकाऱ्यांनी या दोन गटांना टाइप वन आणि टाइप टू म्हटलं. नावं छापली गेली, पण तेव्हा रुळली नाहीत. दवाखान्यात ‘मुलांचा मधुमेह’ आणि ‘मोठ्यांचा मधुमेह’ हेच चालू राहिलं. अंगयष्टीची जागा वयाने घेतली, एवढाच फरक.

उंदरांचा काळ न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात संपला. रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी तिथे झाडूवाल्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली होती. जोडीला डॉक्टर सॉलोमन बर्सन. मोठ्यांच्या मधुमेहात इन्शुलिन लवकर नष्ट होतं, अशी एक कल्पना तेव्हा चर्चेत होती. ती तपासण्यासाठी त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इन्शुलिन टोचलं. निकाल उलटा आला : ज्यांनी आधी इन्शुलिन घेतलं होतं त्यांच्या रक्तात ते उलट जास्त वेळ रेंगाळलं. त्यांच्या शरीराने गुरांच्या इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती आणि ती त्याला धरून ठेवत होती. एवढ्याशा रेणूविरुद्ध प्रतिपिंडं होऊच शकत नाहीत, म्हणून त्यांचा लेख 1955 मध्ये नाकारला गेला. शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ शब्द गाळल्यावर तो पुढच्या वर्षी छापून आला. नकाराचं ते पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवलं आणि नोबेलच्या भाषणात दाखवलं.

इन्शुलिन पकडणारी तीच प्रतिपिंडं त्यांनी मोजमापाचं साधन म्हणून वापरली. 1960 साली माणसाच्या रक्तातलं इन्शुलिन नेमकं मोजण्याची रीत तयार झाली. मोठ्यांच्या मधुमेहाचे रोगी तपासले तर ग्लुकोजनंतर त्यांच्या रक्तात इन्शुलिन भरपूर निघालं, काहींत निरोगी माणसापेक्षा जास्त. माल होता, उठाव नव्हता. यॅलोबाईंना 1977 चं नोबेल मिळालं तेव्हा बर्सन हयात नव्हते.

बेटांवरचा हल्ला

आता दुसरं टोक उरलं. मुलांच्या रक्तात इन्शुलिन नाही हे ठरलं, पण ते गेलं कुठे? ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स या विकृतिशास्त्रज्ञाने 1965 मध्ये निदानानंतर काही महिन्यांतच दगावलेल्या 22 तरुण रोग्यांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दहा टक्क्यांहूनही कमी उरल्या होत्या. आणि 22 पैकी 15 जणांच्या बेटांभोवती लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, गोळा झाल्या होत्या. त्या तिथे काय करत होत्या? अशी सूज आधीही कोणी कोणी पाहिली होती, पण ती अपवाद मानली गेली होती. वर्षानुवर्षं आजार काढलेल्या रोग्यांत ती दिसत नाही, कारण तोवर बीटा पेशी संपतात आणि हल्लेखोर निघून जातात. गेप्ट्सने आजाराच्या सुरुवातीलाच दगावलेले रोगी शोधले, म्हणून त्याला घटना घडताना सापडली.

जुळ्यांनी पुढचा धागा दिला. लंडनमध्ये रॉबर्ट टॅटर्सल आणि डेव्हिड पाइक यांनी एकाला तरी मधुमेह असलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या 96 जोड्या जमवून 1972 मध्ये निष्कर्ष मांडले. उतारवयात मधुमेह झालेल्या जोड्यांत एकाला झाला की जवळपास हमखास दुसऱ्यालाही झाला. तरुणपणी झालेल्यांत मात्र निम्म्या जोड्यांत दुसरं भावंड निरोगी राहिलं. बीज तेच, तरी एकाला आजार, एकाला नाही. याचा अर्थ तरुणांच्या मधुमेहात जनुकांशिवाय बाहेरचंही काही असलं पाहिजे. लहानपणीचा तो जन्मजात आणि मोठेपणीचा तो चैनीचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत या जुळ्यांनी उलटी केली.

1974 साली तुकडे जुळले. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये जानफ्रांको बोताझो आणि डेबोरा डोनियाक यांनी काही रोग्यांचा रक्तद्रव घेतला. शरीर आपल्याच ग्रंथींवर उलटण्याचे अनेक आजार या रोग्यांना एकाच वेळी होते. तो रक्तद्रव मानवी स्वादुपिंडाच्या गोठवलेल्या कापांवर टाकून चमकणाऱ्या रंगाने पाहिला, तर नेमकी लांगरहान्सची बेटं चमकली. रक्तातली प्रतिपिंडं स्वतःच्याच बेटांना शत्रू समजत होती. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये यॉर्न नेरूप आणि इंग्लंडमध्ये अँड्र्यू कडवर्थ यांनी दाखवलं, की तरुणांच्या मधुमेहाचा संबंध ‘एचएलए’ या जनुकसमूहाशी आहे. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीराला ओळखायला लावणारी ही जनुकं. मोठ्यांच्या मधुमेहात असा संबंध मिळाला नाही.

चित्र स्पष्ट झालं. एका दुखण्यात शरीराची संरक्षणव्यवस्था बीटा पेशी मारते. जनुकं तिला अनुकूल जमीन देतात आणि बाहेरचं काहीतरी ठिणगी टाकतं. ती कुठली, यावर अजून संशोधन चालू आहे. गोड खाण्याशी याचा संबंध नाही, आणि मुलाला टाइप वन झाला म्हणून आईने त्याला पूर्वी भरवलेल्या पेढ्यांचा हिशेब करत बसू नये. दुसऱ्या दुखण्यात स्नायू आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होतात. त्यात पोटातल्या आणि यकृतातल्या चरबीचा मोठा हात असतो. बीटा पेशी जास्त इन्शुलिन काढून तोल सांभाळतात आणि त्या थकल्या की साखर चढते. या दुखण्याला घराण्याचा वारसा जास्त आणि पोटाच्या घेराचा हातभार मोठा.

नावांचा घोळ

कडवर्थने 1976 मध्ये टाइप वन आणि टाइप टू ही नावं पुन्हा वर काढली. पण 1979 मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अधिकृत नावं ठेवली ती उपचारांवरून : इन्शुलिनवर अवलंबून असलेला आणि नसलेला. अंगयष्टी गेली, वय गेलं, आता सुईवरून ओळख. दहा-पंधरा वर्षं गोळ्या घेऊन शेवटी इन्शुलिन सुरू झालेल्या आजोबांना मग कुठे बसवायचं? त्यांचा आजार बदलला नव्हता, फक्त पुढे गेला होता. शेवटी 1997 मध्ये ही नावं रद्द होऊन फक्त आकडे उरले, आणि आकड्यांमागे कारण धरलं गेलं.

वयाची ओळख किती फसवी, याचं ठळक उदाहरण थेरेसा मे यांचं. त्या ब्रिटनच्या गृहमंत्री असताना, पन्नाशी उलटल्यावर, त्यांना मधुमेह निघाला. वय पाहून टाइप टू ठरला, गोळ्या दिल्या, त्या लागू पडेनात. पुन्हा तपासलं तर टाइप वन. त्या पुढे रोज इन्शुलिन टोचून पंतप्रधान झाल्या. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की साठीच्या आत टाइप वन झालेल्यांपैकी 42 टक्के जणांना तो तिशीनंतर झाला होता. ‘मुलांचा मधुमेह’ हे नाव इतकी वर्षं निम्म्याजवळच्या रोग्यांना वगळत आलं होतं.

पुण्याचा पुरावा

अंगयष्टीची ओळखही तितकीच फसवी, हे दाखवलं पुण्याने. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक गोष्ट टोचत होती. पाश्चात्त्य पुस्तकांतला टाइप टूचा रोगी वयस्क आणि लठ्ठ असतो. त्यांच्यासमोर येणारे त्यामानाने तरुण आणि सडपातळ होते. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदरपणापासूनचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी नुकतीच कल्पना मांडली होती, की गर्भात उपासमार झालेल्या बाळाला पुढे टाइप टूचा धोका जास्त असतो. पुण्याजवळच्या गावांतली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान असतील, अशी अपेक्षा. मोजमापांत दिसलं भलतंच : स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी बरीचशी राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच एक फोटो आला : शेजारी शेजारी उभे असलेले याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. लांसेरोपासून हिम्सवर्थपर्यंत सगळ्यांनी ज्या ‘कृश’ आणि ‘स्थूल’ अंगांवर भिस्त ठेवली, त्यांची पोल या एका फोटोने उघडी केली. पुण्यातल्या पुढच्या संशोधनात तरुण वयात टाइप टू झालेल्यांत इन्शुलिनची तीव्र कमतरता असलेला गटच सर्वांत मोठा निघाला. युरोपात टाइप टू म्हणजे आधी प्रतिरोध. आपल्याकडे पुष्कळांत प्रतिरोधाच्या जोडीला पुरवठाही सुरुवातीपासून तोकडा.

याहून वेगळी एक जातही उष्ण प्रदेशांत दिसत आली होती. केरळमध्ये स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह झालेल्या गरीब, तरुण रोग्यांची मोठी नोंद पी. जे. गीवर्गीस यांनी केली. 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी निगडित मधुमेह हा स्वतंत्र वर्ग मानला. केवळ कुपोषणाने मधुमेह होतो याचा पुरावा पुरेसा नाही म्हणून 1999 मध्ये तो वर्ग काढून टाकला. आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या आणि न्यूयॉर्कमधल्या संशोधकांच्या कामानंतर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप फाइव्ह’ म्हणून पुन्हा जागा दिली. त्यावर मतभेद आहेतच. या रोग्यांत इन्शुलिन कमी असतं पण प्रतिपिंडं नसतात. टाइप वन समजून जास्त इन्शुलिन दिलं, तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते.

प्रकार ठरवण्याचा खल पुस्तकी वाटत असेल, तर इंग्लंडमधल्या एक्सेटरची हकिगत पाहावी. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या बाळांना टाइप वन म्हणून आयुष्यभराचं इन्शुलिन लावलं जाई. 2004 मध्ये अँड्र्यू हॅटर्सली आणि अ‍ॅना ग्लॉइन यांनी दाखवलं, की यांतल्या बऱ्याच जणांत बीटा पेशींवर कोणी हल्ला केलेलाच नसतो. एका जनुकातल्या दोषामुळे पेशीचं एक दार उघडंच अडकून राहतं आणि आत तयार असलेलं इन्शुलिन बाहेर येत नाही. ते दार बंद करणाऱ्या गोळ्या टाइप टूच्या रोग्यांसाठी 1950 च्या दशकापासून दुकानात मिळत होत्या. 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासात अशा 49 जणांना त्या गोळ्या दिल्या. 44 जणांचं इन्शुलिन कायमचं बंद झालं. त्यांत जन्मापासून रोज सुया घेतलेले लोक होते.

प्रतिपिंडं आहेत का, शरीर स्वतःचं इन्शुलिन किती बनवतं आणि जनुकात दोष आहे का, हे तिन्ही आता रक्तावरून तपासता येतं. तरीही घाईगर्दीच्या ओपीडीत निदान पुष्कळदा वय आणि पोट पाहूनच होतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही निघतं. पण चाळिशीतला सडपातळ माणूस गोळ्यांनी सुधारत नसेल, किंवा एखाद्या घरात तीन पिढ्या विशीतच साखर निघत असेल, तर डॉक्टरांना ‘प्रकार कुठला?’ एवढ्यावर न थांबता ‘तो कशावरून ठरवला?’ असंही विचारावं. नावापुढचा आकडा बदलला की कोणाच्या हातात गोळीच्या जागी सुई येते, तर कोणाची सुई कायमची सुटते.